गांवोगांवीं राहणीचा खर्च निराळा कां?

पुण्यास नोकरी लागलेल्या मुलाचा पगार ऐकून गांवकरी तोंडांत बोट घालतात, आणि तोच मुलगा महिनाअखेर घरून ज्वारीचें पोतें मागवितो. 'एवढा पगार जातो कोठें?' हा प्रश्न आमच्या सभासदांपैकीं पुष्कळांच्या घरांत विचारला जातो. त्याचें उत्तर केवळ मुलाच्या उधळेपणांत शोधणें न्याय्य नव्हे. रुपया सर्वत्र एकच असला, तरी त्यास मिळणारा माल गांवागणिक कमीअधिक होतो. हें कां होतें, तें समजून घेतल्याविना नोकरी, मजुरी अगर जमीनविक्री यांविषयींचा निर्णय चुकण्याचा संभव फार.

प्रथम आपल्या गरजांचे दोन वर्ग पाडूं. पहिला वर्ग वाहून नेतां येण्यासारख्या वस्तूंचा : धान्य, साखर, मीठ, कापड, साबण. यांच्या भावांत दोन ठिकाणीं फार अंतर पडलें, कीं व्यापारी स्वस्त ठिकाणचा माल महाग ठिकाणीं नेतो. मग उरतें तें अंतर वाहतूक, हमाली, दलाली व नासधूस यांच्या खर्चापुरतेंच. वेष्टनावर कमाल किंमत छापलेला साबण इंदापुरास व पुण्यास बहुधा एकाच भावानें मिळतो, त्याचें कारण हेंच. नाशवंत मालाचें अंतर मात्र अधिक राहतें. उजनीच्या जलाशयांतील मासळी भिगवणच्या बाजारांत ताजी मिळते; ती पुण्यास न्यावयाची तर बर्फ, मोटार व मध्यस्थ यांचा खर्च आलाच. पण पुण्याचें गिऱ्हाईक जवळ आल्यामुळें भिगवणचा भावही पुण्याच्या भावामागें ओढला जातो, हेंही ध्यानांत ठेवावें.

दुसरा वर्ग जागचा न हलणाऱ्या गोष्टींचा : राहण्याची जागा, पाणी, हजामत, सुतारकाम, शिकवणी, दवाखाना. खरा फरक येथें पडतो. पुण्यास भाडें चढलें म्हणून इंदापूरची रिकामी खोली तेथें नेतां येत नाहीं. जेथें उद्योगधंदे फार, तेथें माणसें जमतात व जागेस मागणी वाढते. भाडें चढलें, कीं न्हावी व खाणावळवाला यांसही आपला दर चढवावा लागतो, कारण त्यांनाही त्याच शहरांत राहावयाचें असतें. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं ज्या पिंपळे सौदागर गांवाच्या शेतीचा व कुटुंबांच्या जमाखर्चाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तें आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत असून तेथें पिकांच्या जागीं उंच इमारती उभ्या आहेत. माती तीच, तिच्याभोंवतीं जमलेल्या उद्योगधंद्यांनीं तिची किंमत बदलली. केंद्र सरकारही आपल्या नोकरांस घरभाडेंभत्ता शहराच्या वर्गानुसार देतें. पुणें पहिल्या वर्गांत येतें, तर पांच लक्षांहून कमी वस्तीचीं बारामतीसारखीं गांवें शेवटच्या वर्गांत.

आतां आपल्याच तालुक्यांकडे पाहूं. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला व पुढें कालव्याखालीं ऊंस पसरला. माळेगांव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथें साखर कारखाने झाले. पाटाच्या पाण्याबरोबर जमिनीचा भाव व मजुरी हीं दोन्हीं चढलीं. उलट सुपें, मोरगांवकडील जिराईत भागांत जागा स्वस्त. पण पाऊस फसला, कीं तेथें पाणी व कडबा विकत घ्यावा लागतो, आणि मोठ्या दुखण्यास बारामती किंवा पुणें गांठण्याचा खर्च वेगळाच. म्हणजे गांव स्वस्त कीं महाग, हें आपणांस तेथें काय विकत घ्यावें लागतें यावर ठरतें. बीडकडील ऊंसतोडणी कामगार हंगामापुरते येथें येऊन कोपींत राहतात, तेंही या दृष्टीनें अर्थपूर्ण आहे. कमाई बागाइतांत करावी व संसार स्वस्त गांवीं चालवावा, असा तो हिशेब. त्यासाठीं त्यांना सोसावे लागणारे हाल मात्र कोणत्याच हिशेबांत येत नाहींत.

येथें एका गैरसमजाविषयीं सांगणें अवश्य आहे. वर्तमानपत्रांत येणारा महागाईचा निर्देशांक एकाच ठिकाणच्या दोन काळांची तुलना करतो, दोन ठिकाणांची नव्हे. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकांत २०१६ सालचे भाव प्रत्येक केंद्रासाठीं १०० धरले आहेत. तेव्हां एका शहराचा आंकडा दुसऱ्याहून मोठा असला, तर तेथें भाव अधिक वेगानें चढले इतकेंच सिद्ध होतें. तें शहर अधिक महाग आहे असें नव्हे.

उदाहरणादाखल आंकडे घेऊं. समजा, मुलास घरीं राहून बारामतीस महिना १८,००० रुपये मिळतात व पुण्यास २७,००० मिळतील. पुण्यास भाडें ७,०००, दूध-धान्य-भाजी ३,५०० व जाण्यायेण्याचा जादा खर्च १,५०० धरल्यास हातीं १५,००० उरतात. घरचें दूध-धान्य फुकटचें मानूं नये. तें विकलें असतें तर १,५०० आले असते असें धरलें, तरी बारामतीस १६,५०० उरतात. मोठा दिसणारा पगार येथें दीड हजारांनीं लहान ठरतो.

याचा अर्थ पुण्यास जाऊंच नये असा नाहीं. पुढची बढती, कसबी काम शिकण्याची संधि व मुलांचें शिक्षण यांसाठीं कांहीं वर्षें हा तोटा सोसणें शहाणपणाचें ठरेल. परंतु तो जाणून सोसावा. विशेषतः पगाराच्या भरंवशावर जमीन विकून शहरांत घर घेण्यापूर्वीं दोन्हीं ठिकाणचा खर्च शेजारीं शेजारीं मांडावा, आणि जें आज घरांतून मिळतें म्हणून मोजलें जात नाहीं, तें—घर, दूध, धान्य, सरपण, म्हाताऱ्या माणसांची देखरेख—त्यांत आवर्जून धरावें. विकलेली जमीन त्याच भावानें परत मिळत नाहीं. कागदावरचा हिशेब मात्र कितीही वेळां पुन्हां करतां येतो.