आखाजी म्हणजे किती तारीख?

लिंबायत, डिंडोली, उधना, नवागाम. सुरतच्या या भागांत भाजीवालीशी घासाघीस अहिराणीत चालते. लूमवर आणि मिलमध्ये कामाला आलेल्या खानदेशी माणसांची आता दुसरी-तिसरी पिढी इथं नांदते आहे. घरातल्या सुना दुपारभर साडीवर स्टोन चिकटवतात, लेस लावतात, धागे कापतात. त्याचे पैसे बहुतेकदा सासूच्या हाती जातात. यांतल्या एखादीला सासरच्या जाचाची तक्रार द्यायची असली की तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जायचं काम मी करते. मी वकील नाही. तिचं मराठी-अहिराणी बोलणं गुजराती कागदावर नीट उतरतंय की नाही, एवढं मी बघते.

कागद पहिल्या ओळीतच अडतो. समोरचा हवालदार विचारतो, "तारीख बोलो, बेन." ती म्हणते, "आखाजीले गयथू, तठून उनू तव्हय." आखाजीला माहेरी गेले होते, तिथून आले तेव्हा.

हवालदार माझ्याकडे बघतो.

या बायकांचं वर्ष सणांनी मोजलेलं असतं. आखाजीला माहेरी, कानबाईला सासरी, उत्तराणला, म्हणजे संक्रांतीला, पतंगाच्या गर्दीत गच्चीवर, दिवाळीत लूम बंद म्हणून नवरा दिवसभर घरी. मार याच खुणांमध्ये अडकलेला असतो. मी मोबाइलवर जुनं पंचांग उघडते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया; २०२४ची १० मे. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी, म्हणजे त्या वर्षी ११ ऑगस्ट. या दोन सणांच्या मधोमध १ जुलै येतो, आणि त्या दिवशी देशाचा फौजदारी कायदाच बदलला. आखाजीचा मार भारतीय दंड संहितेच्या ४९८-अ कलमात बसतो, कानबाईचा भारतीय न्याय संहितेच्या ८५व्या. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पण कलमच चुकीचं लागलं, तर समोरच्या वकिलाला पहिलाच मुद्दा आयता मिळतो.

तारखेनंतर मजकूर. "फार त्रास देतात" हे वाक्य मी लिहू देत नाही. कोण म्हणालं, काय म्हणालं, कुठं उभं राहून म्हणालं, ऐकलं कुणी? मग हळूहळू येतं: रिक्षा घ्यायची होती, दीड लाख बापाकडून आण म्हणाले; नाही म्हटलं तर दोन दिवस जेवायला दिलं नाही; शेजारच्या मावशीनं खिडकीतून भाकरी दिली. मावशीचं नाव साक्षीदारांत जातं. मारहाण झाली असेल तर सिव्हिल किंवा स्मीमेर रुग्णालयाचा केसपेपर हवा. तिथं बहुतेक जणी "जिन्यावरून पडले" असं सांगून आलेल्या असतात, कारण नवरा शेजारीच उभा होता. तो कागद पुढं तिच्याच विरोधात वाचला जातो.

बहिणीला पाठवलेले व्हॉइस मेसेज मात्र राहिलेले असतात. पुण्याच्या सारडा खटल्यात मृत विवाहितेनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. १९८४ साली कोर्टानं ती पुराव्यात धरली, तरी आरोपी पती निर्दोष सुटला. म्हणून फोन जपा म्हणते, पण फोनच्या भरवशावर राहू देत नाही.

नावांबद्दल माझं मत अनेक माहेरांना पटत नाही. भाऊ चिडलेला असतो; सासू, सासरा, दीर, शिरपूरची नणंद, तिचा नवरा, सगळ्यांची नावं टाका म्हणतो. ती नणंद लग्नानंतर एकदाच आलेली असते. ज्यानं केलं त्याचंच नाव, हे मी सोडत नाही. सरसकट नातेवाइकांना गोवणाऱ्या मोघम तक्रारींवर सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४मध्ये पुन्हा कडक शब्दांत बोट ठेवलं आहे. नणंदेचं नाव खोटं ठरलं की खऱ्या नावांवरही संशय जातो.

यानंतर ठाण्यातला खरा फाटा येतो: अरजी की फरियाद? अरजी म्हणजे साधा अर्ज. सासरच्यांना बोलावतात, समज देतात, समाधानाचा कागद होतो आणि ती त्याच खोलीत परत जाते. फरियाद म्हणजे एफआयआर. पुष्कळ जणींना सुरुवातीला अरजीच हवी असते. नवरा तुरुंगात जावा असं त्यांना वाटत नाही, त्याचा हात थांबावा एवढंच वाटतं. त्यात मला काही गैर दिसत नाही. पण एका ठाण्यात एकीची अरजी इतके महिने पडून होती की तेवढ्यात तिचं बाळ चालायला लागलं. कौटुंबिक वादात आधी चौकशी करायला सुप्रीम कोर्टानं २०१३च्या ललिता कुमारी निकालात मुभा दिली आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अशा प्राथमिक चौकशीला वरिष्ठांची परवानगी लागते आणि मुदत १४ दिवसांची आहे. एफआयआर झाली तर तिला वाचून दाखवायची आणि प्रत फुकट द्यायची. वाचून दाखवताना मी प्रत्येक वाक्य तिला मराठीत सांगते. सही त्यानंतर.

एफआयआर झाली म्हणजे रात्रीच नवऱ्याला उचलतील, असं सासरही समजतं आणि माहेरही. २०१४च्या अर्नेश कुमार निकालापासून तसं होत नाही. सहसा आधी हजर राहण्याची नोटीस जाते. ती गेल्यानंतरचे दिवस घरात सगळ्यात वाईट. त्या वेळी गुजरातमध्ये १८१ हा अभयम या महिला हेल्पलाइनचा नंबर उपयोगी पडतो. २०१५च्या महिला दिनापासून तो राज्यभर चालू आहे, आणि नुसता सल्ला देत नाही. समुपदेशक आणि महिला पोलीस गाडी घेऊन दारात येतात.

घर आणि पैसा यांचं उत्तर एफआयआरमध्ये नसतं. त्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल भरून मॅजिस्ट्रेटपुढं ठेवतो. खोली भाड्याची असो नाहीतर सासऱ्याच्या नावावर, तिला बाहेर काढता येत नाही, असा हुकूम तिथं मिळू शकतो; पोटगी आणि मुलांचा तात्पुरता ताबाही. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलं आहे. अठवालाइन्सच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेल्या बायकांना विचारा, ते साठ दिवस कसे लांबतात.

आणि समजा ती आधीच भुसावळच्या गाडीत बसून नंदुरबारला किंवा अमळनेरला निघून गेली असली, तर? पूर्वी तिला सांगत, गुन्हा सुरतेत घडला, सुरतेलाच जा. २०१९च्या रूपाली देवी निकालानं हे मिटवलं. जाचातून सुटून ती जिथं आसऱ्याला गेली, तिथंही ४९८-अची, म्हणजे आताच्या ८५व्या कलमाची, तक्रार देता येते. खानदेशातल्या एखाद्या ठाण्यात अजूनही "तिकडं जा" ऐकू आलं, तर या निकालाचं नाव घ्यावं. समाजाची बैठक बसवून पंचांपुढं मिटवू म्हणणारे काका-मामा दोन्हीकडं भेटतात. त्या बैठकीत मुलीला बोलायला मिळाल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते सोन्यावर. पोत, टॉप्स, अंगठी. बाप म्हणतो आम्ही घातलं, सासू म्हणते आमच्या पैशाचं. स्त्रीधनावर तिचाच हक्क, हे सुप्रीम कोर्टानं १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं. पण कोणता दागिना कुणी दिला, हे दाखवणार कसं? सोनाराची पावती एक तर नसते, नाहीतर जावयाच्या नावानं असते. हुंडा दिला म्हणून आपल्यावरच केस होईल, या भीतीनं बाप आकडा सांगायला कचरतो. १९६१च्या हुंडाबंदी कायद्यानं हुंडा देणंही गुन्हा ठरवलं आहे, हे खरं. पण पीडित तक्रारदाराच्या जबाबावरून त्याच्यावरच खटला भरता येत नाही, हेही त्याच कायद्याच्या सातव्या कलमात आहे.

१९८५पासून नियम आहे की लग्नातल्या भेटींची यादी करायची: वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं, आणि खाली वधू-वरांच्या सह्या. अशी यादी घेऊन आलेली एकही बाई मला भेटलेली नाही. यंदा ज्यांच्या घरी मुलीचं लग्न आहे, त्यांनी हुंडा देऊ नये. प्रेमानं जे अंगावर घालाल, त्याची पावती मुलीच्या नावानं करा, यादीवर दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत माहेरच्या कपाटात ठेवा. आणि वकिलाच्या फीसाठी शेत विकू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.