बी.एड. करतानाच परदेशातली शाळा मिळते का?

महाड-पोलादपूरच्या गावांतून आखातात नोकरीला जाणं जुनंच आहे. कुवेत, दुबई, सौदी ही नावं वरंध-बिरवाडीच्या घरांत परकी वाटत नाहीत. त्यामुळे इंग्रजी विषय घेऊन बी.एड. करणाऱ्या मुलामुलींनी तिकडच्या शाळांकडे डोळे लावले, तर त्यात नवल नाही. काळजी वाटते ती ऐकीव माहितीची, कारण तिच्या भरवशावर घरचे दागिने गहाण पडतात.

“इंटर्नशिप परदेशात करू, मग तीच शाळा ठेवून घेईल.” हा सगळ्यांत महाग पडणारा समज. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतलं काम किमान २० आठवड्यांचं असतं, त्यातले १६ आठवडे दुसऱ्या वर्षी. ते कुठे करायचं हे कॉलेज ठरवतं. लेखी परवानगी न घेता दुसरीकडे काढलेले आठवडे धरले जातील, असं समजून चालू नये. ‘परदेशी प्लेसमेंट’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या काही आठवड्यांच्या योजना बहुतेक वेळा स्वयंसेवेच्या असतात. पगार नाही, फी मात्र आपणच भरायची. अनुभव म्हणून त्यांना नावं ठेवायची नाहीत, पण ती नोकरी नव्हे. “आधी व्हिजिट व्हिसावर जा, शिकवायला लाग, कागद मागून होतील” असं कोणी सांगत असेल, तर तिथेच थांबावं. त्या व्हिसावर नोकरी करणं बेकायदा असतं आणि पकडलं गेल्यावर सांगणारा सोबत नसतो.

“इंग्रजी शिकवायला गोरेच लागतात, मराठी माध्यमातल्याला कोण विचारतो?” हे अर्धंच खरं. दक्षिण कोरियात परदेशी इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. तरीही भारत-कोरिया व्यापार करारात (१ जानेवारी २०१० पासून लागू) पदवी आणि इंग्रजी शिक्षकाची अर्हता असलेल्या भारतीयांना सहायक शिक्षक म्हणून वाट ठेवलेली आहे. वाट अरुंद आहे, पण कागदावर आहे. ब्रिटनचं उलट झालं. इंग्लंडने २०२३ मध्ये भारतीय शिक्षकांना तिथली शिक्षक-मान्यता खुली केली, तेव्हा आपल्याकडे अनेकांना आनंद झाला. ती सोय गणित, विज्ञान आणि परकीय भाषा शिकवणाऱ्यांसाठी आहे, इंग्रजीच्या शिक्षकासाठी नाही. शिवाय शिकवण्याचा किमान एक वर्षाचा अनुभव लागतोच. अमेरिकेच्या शिक्षक-विनिमय व्हिसाला तर दोन वर्षांचा लागतो.

आपल्या मुलांना खरी जागा आहे ती आखातातल्या सीबीएसई शाळांत. तिथे भारतीय अभ्यासक्रमच चालतो, इंग्रजीतली पदवी आणि बी.एड. हीच तिथली ओळख. प्रश्न अनुभवाचा उरतो, आणि इथे मला आग्रहाने सांगायचं आहे: पोलादपूर किंवा बिरवाडीच्या शाळेत काढलेली दोन वर्षं वाया गेलेली नसतात. घरात इंग्रजीचा शब्दही न ऐकलेल्या आठवीच्या मुलाला एक वाक्य स्वतःचं स्वतः बोलायला लावणं ज्याला जमलं, तो मुलाखतीतला नमुना पाठ घाबरत घेणार नाही. अनुभवाचं पत्र शाळेच्या लेटरहेडवर, विषय, इयत्ता आणि तारखांसह घ्यावं.

“१२० तासांचं ऑनलाइन प्रमाणपत्र म्हणजे झालं.” हा आकडा फसवा आहे. केंब्रिजचा ‘सेल्टा’ अभ्यासक्रमही किमान १२० तासांचाच असतो, पण त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावं लागतं आणि परीक्षक ते पाहतात. ज्या प्रमाणपत्रात एकही तास वर्गात उभं राहावं लागत नाही, त्यावर हजारो रुपये घालू नयेत. बी.एड. हातात असेल तर आखातासाठी सहसा त्याची गरजही पडत नाही.

एजंट म्हणजे ठकच, असंही नाही. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेले एजंट आहेत. त्यांचा परवाना ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्यांना उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दोन-तीन लाख मागणाऱ्याला परवाना क्रमांक विचारावा. पैसे बँकेतून द्यावेत, पावती घ्यावी.

कागदांचं काम मात्र आजच सुरू करता येईल. पदवी आधी राज्य सरकारकडून, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित होते. अपोस्टिल करारातल्या देशांसाठी तेवढं पुरतं, इतरांसाठी पुढे त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो. याला वेळ जातो. लग्न झालेल्या मुलींची पदवी माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या नावाने असतो, तिथेही फाइल अडकते. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवावा, आणि पासपोर्ट अजून काढला नसेल तर तो पदवीवरच्याच नावाने काढावा.