सगळेच सूत्रकृमी दुश्मन नसतात

सूत्रकृमी म्हटलं की डाळिंब-टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारी कीड आठवते. पण अल्लाहच्या मखलूकात याच कुळातले काही जीव शेतकऱ्याचे दोस्तही आहेत. त्यातली 'हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका' ही जात तमिळनाडूतल्या कोइंबतूरची. १९९२ साली तिची शास्त्रीय नोंद झाली.

हा बारीक कृमी उसाच्या हुमणीसारख्या अळीच्या तोंडातून किंवा श्वासछिद्रातून आत शिरतो आणि आपल्या पोटातले जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. त्यांच्या विषाने अळी मरते. 'स्टायनरनेमा' कुळातले काही कृमी तर स्वतःही विषारी प्रथिनं आणि पेप्टाइड सोडतात. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. तो मातीत लवकर विघटित होतो, म्हणून शास्त्रज्ञांना त्यातून नवं कीटकनाशक मिळण्याची उमेद आहे.

हे कृमी माणसाला, गुराढोरांना, गांडुळांना अपाय करत नाहीत. मात्र ऊन आणि कोरडी माती त्यांना सोसत नाही. म्हणून संध्याकाळी, ओल्या जमिनीतच सोडायचे. पाकीट उन्हात ठेवलं तर पैसे वाया.

घरात मुलांच्या हाती लागेल अशी विषाची बाटली ठेवण्यापेक्षा, आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात याबद्दल विचारून तर बघा.