नळी कापलेली आणावी की घरी कापावी?

बऱ्हाणपूरकडच्या खकनारच्या वेल्डिंगच्या दुकानात पाऊण इंची पाईप मागितला, तर हातात येईल तो पाईप बाहेरून जवळजवळ २७ मिलिमीटर भरेल. पाण्याच्या पाईपाचं माप आतल्या पोकळीवरून पडलेलं, आणि तेही नावापुरतंच. विमानाच्या आराखड्यातला पाऊण इंच मात्र बाहेरून मोजलेला असतो: १९.०५ मिलिमीटर. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी ०.८९ मिलिमीटर, म्हणजे फाटकं आणि ट्रॉल्या जोडणाऱ्या माणसाच्या हिशेबात जवळपास पत्राच. अशी सहा मीटरची नळी अडीच किलोसुद्धा भरत नाही. मध्यम प्रतीचा पाण्याचा पाईप तेवढ्याच लांबीला नऊ किलोंच्या पुढे जातो.

घरी विमान बांधू पाहणाऱ्याची पहिली फसगत इथे होते. दुसरा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो गेली शंभर वर्षं वेगवेगळ्या रूपात विचारला जातोय: नळ्या अख्ख्या आणून स्वतः कापायच्या, की कोणीतरी मापात कापून, टोकं घडवून दिलेल्या आणायच्या?

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बहुतेक विमानांचे सांगाडे लाकडाचे आणि तारांनी ताणलेले असत. अँथनी फोकरच्या कारखान्यात राइनहोल्ड प्लाट्झ हा मूळचा वेल्डर होता. त्याच्या हाताखाली पोलादी नळ्या गॅसच्या ज्योतीने जोडून सांगाडे तयार होऊ लागले. १९१८ साली आलेलं फोकर डी-७ इतकं गाजलं, की युद्धबंदीच्या करारात जर्मनीने काय काय सोपवायचं त्या यादीत या विमानाचं नाव वेगळं घातलं गेलं. त्या सांगाड्याचं खरं यश युद्धाबाहेरचं आहे. त्याला मोठे साचे लागत नव्हते, रिव्हेटिंगची महागडी यंत्रं लागत नव्हती. दोन सिलिंडर, एक टॉर्च, करवत आणि कानस असली की झालं. कारखान्यात जन्मलेली ही पद्धत शेतातल्या गोठ्यातही जमण्याजोगी होती.

अमेरिकेत ती खरोखरच गोठ्यांत पोहोचली. १९२०च्या दशकाच्या शेवटी शिकागोचा एडवर्ड हीथ आपल्या छोट्या 'पॅरासोल' विमानाचे नकाशे, सामान आणि संच विकत होता. म्हणजे तयार संचाची कल्पना आजची नाही. मंदीच्या दिवसांत सगळं एकदम घेणं कोणाला परवडणार? माणूस नकाशा घेई आणि जमेल तशा नळ्या गोळा करी. पुढे पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ साली मिलवॉकीत हौशी विमानबांधणीकारांची संघटना उभी केली आणि १९५५ मध्ये 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड' मासिकात 'बेबी एस' हे विमान घरी कसं बांधावं याची लेखमाला लिहिली. त्या काळच्या बांधणाऱ्यासमोर पर्यायच नव्हता. नळी अख्खीच येई.

धातूही बदलत गेला. सुरुवातीचा बराच काळ साधं, कमी कार्बनचं १०२५ पोलाद चालत असे; युद्धापूर्वीच्या पायपर कबमध्येही ते होतं. हळूहळू त्याची जागा ४१३० या क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाने घेतली. त्यात साधारण ०.३ टक्के कार्बन, एक टक्का क्रोमियम आणि थोडंसं मॉलिब्डेनम असतं. ताणाला ते साध्या पोलादाच्या दीडपट किंवा थोडं जास्तच टिकतं, म्हणून तेवढ्याच ताकदीसाठी नळी पातळ घेता येते. नळी पातळ झाली तशी चूक महाग झाली. जाड पाईपात वेल्डर फट भरून काढतो, ०.८९ मिलिमीटरच्या नळीत फट भरायला गेलं की भोक पडतं.

आपल्याकडे हे तंत्र सरकारी कारखान्याच्या वाटेने आलं, आणि त्यात एक मराठी माणूस होता. विष्णू माधव घाटगे, गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावचे. ते गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी विमानांच्या रचनेचा विभाग घडवला. एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडालं, ते पत्र्याचं. १९५८ मध्ये उडालेलं 'पुष्पक' मात्र वेल्ड केलेल्या पोलादी नळ्यांचं आणि वरून कापड ताणलेलं होतं. दोन आसनं, नव्वद अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन, अमेरिकी एरोन्का चीफशी घरोबा सांगणारी ठेवण. अशी दीडशेच्या आसपास विमानं झाली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत विद्यार्थ्यांच्या हाती गेली. पुढच्याच वर्षी त्याला मोठं करून 'कृषक' आलं. प्रांट्लचा विद्यार्थी, हवेच्या प्रवाहाचं गणित कोळून प्यालेला, आणि क्लबच्या विमानासाठी पद्धत निवडताना त्याच्या विभागाने ज्योत आणि नळी निवडली. मला ही निवड फार शहाणी वाटते. क्लबच्या हँगरमध्ये पुष्पकची नळी वाकली तर दुरुस्ती तिथल्या तिथे शक्य होती. मोडलेला भाग कापायचा, आत किंवा बाहेर मापाची बाही बसवायची आणि वेल्ड करायचं. ०.०५८ इंच जाडीच्या नळ्या एक-अष्टमांश इंचाच्या फरकाने एकमेकींत सरकतात. हे माप मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.

पुष्पकच्या पिढीत मापाचे तुकडे कारखानाच करत होता, तेही जिगवर, म्हणजे नळ्या जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटीवर. हौशी माणसापर्यंत ती सोय पोहोचायला अजून वीस वर्षं गेली. १९७७ मध्ये फ्रँक क्रिस्टेनसेन यांनी 'क्रिस्टेन ईगल' या कसरतीच्या विमानाचा संच आणला. त्यात सामान क्रमाने, खोक्यांत, जाड पुस्तिकेसह येई. १९८४ पासून 'किटफॉक्स' विमानाच्या संचाने वेल्ड केलेला सांगाडाच ग्राहकाच्या दारात पोहोचवला. अमेरिकेच्या नियमात घरी बांधलेल्या विमानाचं अर्ध्याहून जास्त काम हौशी माणसाने केलेलं असावं लागतं. त्यामुळे कारखान्याने किती करावं आणि मालकाला किती उरावं, यावर तिकडे वर्षानुवर्षं वाद चालले. कापलेल्या, पण न जोडलेल्या नळ्यांचा संच हे त्या वादातून निघालेलं सोयीचं मधलं उत्तर आहे. संगणकावरच्या आराखड्यावरून यंत्र प्रत्येक नळीची लांबी कापतं, टोक शेजारच्या नळीच्या गोलाईप्रमाणे घडवतं आणि कुठली नळी कुठे येते त्याची खूणही करतं.

हे टोक घडवणं म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय निवडीचं मोल कळत नाही. एक नळी दुसरीला तिरकी भेटते तेव्हा तिचं तोंड सरळ कापून चालत नाही, ते माशाच्या उघड्या जबड्यासारखं घडवावं लागतं. कागदाचा नमुना काढून तो नळीला गुंडाळायचा, रेघ मारायची, ग्राइंडरने ढोबळ काढायचं आणि अर्धगोल कानशीने शेवटचा हात फिरवायचा. एका सांध्यावर तीन-चार नळ्या येत असतील तर एका टोकाला दोन गोलाया कराव्या लागतात. लहान दोन आसनी विमानाच्या सांगाड्यात शंभर तुकडे धरले तरी दोनशे टोकं झाली. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर काम करणाऱ्या माणसासाठी हे महिन्यांचं काम आहे. कापलेला संच आणला की ते काही दिवसांवर येतं, कारण नळ्या एकमेकींत बसूनच स्वतःची जागा धरतात.

इतकं असून माझं मत पूर्ण संचाच्या बाजूने झुकत नाही. त्याचं कारण असं, की संच कंटाळवाणं काम वाचवतो, धोक्याचं काम तसंच ठेवतो. सांगाडा बिघडतो तो वेल्डिंगमध्ये. प्रत्येक सांधा थंड होताना आकसतो, आणि एका बाजूने सलग जोडत गेलं की शेपटी एका अंगाला जाते. म्हणून आधी सगळीकडे टाके मारायचे, मग समोरासमोरचे सांधे आळीपाळीने घ्यायचे, मधेमधे दोरी आणि ओळंबा धरून पाहायचं. यंत्राने कितीही नेमकं कापलेलं असो, ही ओढ त्याला रोखता येत नाही. ज्याने दोनशे टोकं स्वतः कानसली आहेत त्याचा हात या वेळेपर्यंत धातूला सरावलेला असतो. संच उघडून थेट टॉर्च हातात घेणाऱ्याचा नसतो.

दुसरं कारण आपल्या भूगोलाचं. संच परदेशातून येतो. खोकं छोटं, त्यामुळे वाहतुकीला सोपं, हे खरंच. अख्ख्या नळ्या सहा मीटरच्या, त्यांना ट्रक लागतो. पण मुंबईच्या कुंभारवाडा-खेतवाडीतल्या पाईप व्यापाऱ्यांकडून किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून बऱ्हाणपूरकडे येणाऱ्या ट्रकवर चार नळ्या जास्त चढवणं ही काही मोठी गोष्ट नाही. आणि संचातली एक नळी वेल्डिंग करताना जळली, तर पुढची येईपर्यंत जिग अडून बसतो. अख्ख्या मालात मात्र पुढचा तुकडा कोपऱ्यातच उभा असतो.

अख्ख्या मालाची खरी अडचण कागदाची आहे. जोड नसलेली, म्हणजे सीमलेस, ४१३० नळी मिलच्या प्रमाणपत्रासह आणि हीट नंबरसह, म्हणजे पोलादाच्या ज्या घाण्यातून ती निघाली त्याच्या क्रमांकासह, यायला हवी. दिसायला ती आणि साधी नळी सारखीच. एका टोकाला ओळखीचा छाप किंवा रंग असतो, तो शेवटपर्यंत राहावा म्हणून नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापत यायचं. ओळख गेलेला तुकडा सांगाड्यात घालायचा नाही, मग तो कितीही चांगला दिसो. संचाच्या बाजूने बोलण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच: कागदाची ही जबाबदारी विकणारा घेतो. शिवाय संच माणसाला सुधारणा करू देत नाही. अख्खी नळी समोर असली की प्रत्येकाला आसन दोन इंच मागे घ्यावंसं वाटतं, आणि आसन हललं की वजनाचा मध्य हलतो.

घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की आपल्याकडे कांदिवली-चारकोपच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे वैमानिक अमोल यादव आठवतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते विमान मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि चाचण्या आपल्या या पट्ट्याला जवळच्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. नळ्यांच्या बांधणीचं उदाहरण म्हणून ते मी देत नाही. स्वतःच्या आराखड्यावर बांधलेल्या विमानाच्या बाबतीत प्रदर्शनातून आकाशात जायला किती वर्षं गेली, ते त्यातून दिसतं. त्या वर्षांच्या हिशेबात नळ्या कापायचे चार-सहा महिने फार मोठे वाटत नाहीत.

आता तिसरी वाटही उघडली आहे. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात नळ्या लेझरने कापून देणारी जॉबवर्कची दुकानं आहेत. ती व्यायामाची यंत्रं आणि गाड्यांचे सुटे भाग करतात, पण फाइल दिली की नळीचं तोंडही काढतात. प्रमाणपत्राचा माल आपण घ्यायचा, तिथे कापून आणायचा आणि लागणाऱ्यापेक्षा दहा टक्के नळी जास्त घ्यायची. ही जास्तीची नळी पहिल्या महिन्यात पूर्ण संपवावी: नमुन्याचे सांधे जोडायचे, थंड झाले की करवतीने उभे चिरायचे, आत वेल्ड मुळापर्यंत गेलाय का ते पाहायचं, आणि शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवायचे. तुटायची असेल तर शेजारची नळी तुटली पाहिजे. सांधा तुटला, तर सांगाड्याचं काम त्या आठवड्यात सुरू करायचं नाही.