कुडाच्या भिंतीचे नवे वस्त्र

पावसाळा ओसरला, की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर घरे सजवण्याचे जे सत्र आरंभते, ते मला बाजारातील कोणत्याही तयार रंगाहून अधिक रमणीय वाटते. कारवीचा कूड, त्यावर शेणमातीचा गिलावा, त्यावर गेरूचा हात आणि अखेरीस तांदळाच्या पिठाची शुभ्र रेषा, एवढ्याच सामग्रीवर अंधारी खोली उजळून निघते. वारली सुवासिनी लग्नात भिंतीवर चौक 'लिहितात', आणि तीच कला कागदावर नेणारे डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे २०११ साली पद्मश्रीने सन्मानित झाले. सिमेंटच्या खोलीत ही शोभा आणावयाची, तर एकाच भिंतीस गेरू द्यावा, तो पुरता वाळू द्यावा, पिठात किंचित डिंक मिसळावा आणि टोक चेचून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रेखाटावे. उरलेल्या तीन भिंती मात्र मोकळ्याच ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे.