बिनतारी जाळ्याचें नांव

घराला नांव देण्याची हौस महाराष्ट्रांत जुनी आहे. कोणी आईचें नांव देतो, कोणी कुलदेवतेचें. मग तें नांव संगमरवरी पाटीवर कोरून दाराशेजारीं बसविलें जातें. ज्या घराची पाटी इतक्या विचारानें लिहविली जाते, त्याच घराचें दुसरें एक नांव मात्र घरच्या कोणीहि ठेवलेलें नसतें. इंटरनेटची जोडणी करून देणारा माणूस येतो, राउटर नांवाची पेटी भिंतीवर अडकवितो आणि निघून जातो. त्या पेटीला कारखान्यांत मिळालेलें नांव, म्हणजे बहुधा कंपनीचें नांव व त्यापुढें कांहीं निरर्थक अक्षरें आणि आंकडे, हेंच त्या घराच्या बिनतारी जाळ्याचें नांव होऊन बसतें. तें बदलतां येतें, आणि त्यास फार तर दहा मिनिटें लागतात. परंतु बदलल्यानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, हें न समजतां बदल केला तर एक तर व्यर्थ धांवपळ होते, किंवा त्याहून वाईट म्हणजे खोटी निश्चिंतता पदरीं पडते.

आकाशवाणीचें केंद्र ठराविक वेळीं आपलें नांव श्रोत्यांस सांगतें. राउटर हेंच काम अविश्रांत करीत असतो. १९९७ सालीं ‘आय-ट्रिपल-ई’ या अमेरिकेंतील अभियंत्यांच्या संस्थेनें बिनतारी जाळ्यांचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांतच जाळ्याच्या नांवाची योजना आहे. राउटर हें नांव एका लहानशा घोषणेंत घालून बहुधा दर १०२.४ मिलिसेकंदांनीं, म्हणजे सेकंदास सुमारें दहा वेळां, हवेंत सोडतो. घरांतील मोबाईल या घोषणा ऐकतो. ओळखीचें नांव कानीं पडलें कीं त्या जाळ्याकडे वळतो, आणि परवलीचा शब्द जुळला कीं आंत प्रवेश मिळवितो. ही घोषणा भिंतींतून बाहेरहि जाते. जिना चढणारा शेजारी, रस्त्यानें जाणारा रिक्षांतील उतारू, यांच्या मोबाईलांसहि ती ऐकूं येते. ती गुप्त ठेवलेली नसते. गुप्त ठेवली असती तर नव्या पाहुण्यास जाळें सांपडलेंच नसतें. यावरून या नांवाचें स्वरूप ध्यानांत येतें. तें दारावरील पाटीप्रमाणें आहे. दाराची कडी म्हणजे परवलीचा शब्द. ती वस्तु निराळी.

पाटी बदलण्याचे लाभ मात्र खरे आहेत. पहिला लाभ ओळखीचा. मोठ्या इमारतींत एकाच कंपनीच्या दहा पेट्या असतात आणि त्यांचीं नांवें शेवटच्या दोनचार अक्षरांपुरतींच भिन्न असतात. घरीं आलेल्या वृद्ध आत्याबाईंना त्यांतील आपलें कोणतें हें कळत नाहीं. सोपें व वेगळें नांव असलें म्हणजे हा घोटाळा टळतो. दुसरा लाभ असा कीं कारखान्याचें नांव पुष्कळदां पेटीची कंपनी, आणि कधीं कधीं तिचा प्रकारहि, जाहीर करतें. एखाद्या प्रकारच्या पेटींत दोष असल्याचें प्रसिद्ध झालें, तर तशी पेटी कोणत्या घरांत आहे हें शोधणाऱ्यास पाटी वाचूनच उत्तर मिळतें.

तिसरा लाभ गणिताचा असून तो फारसा कोणास ठाऊक नसतो. २००४ पासून प्रचारांत आलेल्या ‘डब्ल्यूपीए-२’ या संरक्षणपद्धतींत घरांतला माणूस जो परवलीचा शब्द लिहितो, तोच किल्ली म्हणून वापरला जात नाहीं. तो शब्द आणि जाळ्याचें नांव हीं दोन एकत्र करून एका गणिती क्रियेंतून ४,०९६ वेळां घोळलीं जातात, आणि त्यांतून २५६ बिटांची खरी किल्ली निघते. नांव त्यांत मिसळण्याचा हेतु हा कीं दोन घरांनीं एकच परवलीचा शब्द निवडला, तरी त्यांच्या किल्ल्या निराळ्या व्हाव्यात. परंतु हजारों घरांचें नांव एकच असेल तर हा हेतु फसतो. चोराला त्या एका नांवासाठीं लाखों संभाव्य शब्दांच्या किल्ल्या आधींच काढून ठेवतां येतात व हव्या त्या घरीं त्या लावून पाहतां येतात. सर्वांत अधिक आढळणाऱ्या एक हजार नांवांसाठीं अशीं कोष्टकें खरोखरच तयार झालीं होतीं. नांव वेगळें असलें म्हणजे हें तयार कोष्टक निरुपयोगी ठरतें आणि चोराला सारा खटाटोप आरंभापासून करावा लागतो. तरीहि परवलीचा शब्द ‘१२३४५६७८’ असाच असेल, तर नवें नांव त्या घराचें रक्षण करूं शकत नाहीं. २०१८ सालीं आलेल्या ‘डब्ल्यूपीए-३’ पद्धतींत ही उणीव पुष्कळशी दूर झाली आहे. राउटरमध्यें व घरांतील उपकरणांत ती सोय असल्यास तीच निवडणें श्रेयस्कर.

आतां नांव बदलून काय साधत नाहीं तें पाहूं. नांव बदलल्यानें पेटी लपत नाहीं. त्या घोषणेंत नांवाबरोबर पेटीचा ४८ बिटांचा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि नांव बदललें तरी तो बहुधा तसाच राहतो. मोबाईलला रस्त्यांतील आपलें ठिकाण सांगणाऱ्या सेवा याच क्रमांकांवर भिस्त ठेवतात. गूगलनें २०११ सालीं अशी सवलत जाहीर केली कीं ज्या नांवाच्या शेवटीं अधोरेषा व त्यापुढें रोमन लिपींत ‘नोमॅप’ हा शब्द असेल, तें जाळें आपल्या ठिकाणनोंदींत धरलें जाणार नाहीं. घराची नोंद कोठें होऊं नये असें ज्यास वाटतें, त्यास नांवाचा हा एक खरा उपयोग करून घेतां येतो.

नांव बदलून वस्तु लपविण्याच्या यत्नाचें एक उदाहरण अमेरिकेच्या आरमारांत घडलें. २०२३ सालीं ‘मँचेस्टर’ या युद्धनौकेवर कांहीं नौसैनिकांनीं वरिष्ठांस न कळवितां उपग्रहाच्या इंटरनेटची तबकडी बसविली. खलाशांच्या मोबाईलांवर एक अपरिचित नांव दिसूं लागलें व कुजबूज सुरू झाली, तेव्हां तें नांव बदलून छपाईयंत्राचें वाटेल असें ठेवण्यांत आलें. वास्तविक बोटीवर तसें बिनतारी छपाईयंत्र नव्हतें. तबकडी जागच्या जागीं होती, लहरी पूर्ववत् पसरत होत्या. पुढें ती उघडकीस आली आणि प्रकरण लष्करी न्यायालयापर्यंत गेलें.

नांव अजिबात न सांगण्याचीहि सोय राउटरमध्यें असते, आणि पुष्कळांस ती मोठी सुरक्षित वाटते. प्रत्यक्षांत घोषणा चालूच राहतात; त्यांतील नांवाची जागा तेवढी रिकामी असते. घरचें एखादें उपकरण जाळ्यांत शिरतें तेव्हां त्याला नांव उच्चारावेंच लागतें, आणि ऐकणारा तें ऐकतो. शिवाय राउटर बोलत नसल्यामुळें मोबाईललाच पुढाकार घेऊन ‘अमुक नांवाचें जाळें येथें आहे काय’ असें विचारावें लागतें, आणि हा प्रश्न तो बाजारांत, आगगाडींत, कचेरींतहि विचारीत फिरूं शकतो. पाटी झांकून ठेवावी आणि घरच्या माणसानें गांवभर घराचें नांव घेत फिरावें, तसा हा प्रकार होतो.

नवें नांव कसें असावें? नियमानें त्यास ३२ बाइटांची मर्यादा आहे. रोमन लिपीचें साधें अक्षर एका बाइटांत बसतें. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास, म्हणजे प्रत्येक व्यंजन, मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्ह यांस, प्रचलित संकेतानुसार तीन बाइट लागतात. त्यामुळें देवनागरी नांव दहा चिन्हांतच बसवावें लागतें. ‘माजघर’ या शब्दांत पांच चिन्हें आहेत. तो १५ बाइटांत सुखानें मावतो. ‘ज्ञानेश्वरी’ हा डोळ्यांस चार अक्षरांचा शब्द, पण त्यांत अकरा चिन्हें असल्यानें ३३ बाइट होतात आणि एका बाइटानें तो बाहेर राहतो. ‘लक्ष्मीनिवास’ यास तर ३६ लागतात. कांहीं जुन्या पेट्या देवनागरी घेतच नाहींत. तेथें रोमन लिपीच वापरणें भाग पडतें. रोमन लिपींत मोठें व लहान अक्षर भिन्न मानलें जातें, आणि शब्दांमधील मोकळी जागाहि नांवाचाच भाग असते, हें विसरूं नये.

विचित्र चिन्हें टाळावींत. २०२१ च्या जूनमध्यें असें आढळलें कीं शेंकड्याचीं चिन्हें असलेल्या एका विशिष्ट नांवाच्या जाळ्यास आयफोन जोडला असतां त्याची वायफायची सोयच बंद पडे. पुढील महिन्यांत कंपनीनें तो दोष दुरुस्त केला. थट्टाहि जपून करावी. २०१६ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्नहून पर्थला जाणाऱ्या विमानांत एका प्रवाशाच्या मोबाईलवर स्फोटाच्या उपकरणाचें नांव धारण करणारें जाळें दिसलें. विमान खोळंबलें आणि कित्येक प्रवासी घाबरून उतरून गेले. आडनांव, घरक्रमांक व दूरध्वनीचा क्रमांक हेहि नांवांत घालूं नयेत. दारावरची पाटी वाचण्यास दाराशीं यावें लागतें. ही पाटी रस्त्यावरून वाचतां येते.

प्रत्यक्ष कृति सोपी आहे. राउटरचें स्वतःचें एक पान असतें. मोबाईल वा संगणक घरच्या जाळ्यास जोडलेला असतां ब्राउझरमध्यें पत्त्याच्या जागीं १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असे आंकडे इंग्रजी अंकांत लिहिले कीं बहुधा तें पान उघडतें. नेमका पत्ता पेटीच्या तळाशीं चिकटविलेल्या कागदावर छापलेला असतो. कांहीं कंपन्यांनीं याच कामासाठीं मोबाईलवर ॲप दिलेलें असतें. तें पान एक परवलीचा शब्द मागतें. हा कारभाऱ्याचा शब्द असून जाळ्यांत शिरण्याचा शब्द याहून वेगळा असतो. या दोहोंची गल्लत झाल्यानेंच पुष्कळ लोक येथें अडतात. आंत गेल्यावर ‘वायरलेस’ किंवा ‘वायफाय’ या विभागांत ‘एसएसआयडी’ असें लिहिलेली चौकट असते. तींत नवें नांव लिहून ‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’ असें लिहिलेलें बटण दाबावें. पुष्कळ पेट्यांत २.४ गिगाहर्ट्झ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांसाठीं दोन चौकटी असतात; पहिली पट्टी भिंतींपलीकडे दूरवर पोंचते, दुसरी जवळच्या अंतरांत अधिक वेगवान असते. बटण दाबतांच जोडणी तुटते. तो बिघाड नव्हे. मोबाईल अजून जुन्या नांवाची वाट पाहत असतो, त्याला नवें नांव निवडून द्यावें लागतें. त्या वेळीं घाबरून पेटीच्या मागील बारीक छिद्रांतील कळ दाबूं नये. तिनें कारखान्याचें नांव परत येतें हें खरें, पण कित्येकदां इंटरनेट देणाऱ्या कंपनीनें भरलेली माहितीहि पुसली जाते.

खरें काम येथून पुढें सुरू होतें. घरांतील प्रत्येक उपकरण जुनें नांव स्मरून बसलेलें असतें: दूरचित्रवाणी, दारावरचा कॅमेरा, छपाईयंत्र, बिनतारी दिवे. त्या प्रत्येकास नवें नांव व परवलीचा शब्द नव्यानें सांगावा लागतो, आणि कित्येक लहान उपकरणांस २.४ ची पट्टीच कळते. म्हणून बदल करण्यापूर्वीं उपकरणांची यादी करावी, आणि परवलीचा शब्दहि बदलावयाचा असल्यास दोन्ही एकाच वेळीं बदलावेत, म्हणजे फेरा एकदांच होतो. परदेशीं राहणारा मुलगा सुटींत पुण्यास येतो, निघण्याच्या आदल्या रात्रीं हौसेनें नांव बदलतो, किंवा तिकडे गेल्यावर ॲपमधून दुरूनच बदलतो. दुसऱ्या दिवशीं आईवडिलांच्या टॅब्लेटवर त्याचें तोंड दिसेनासें होतें, दाराचा कॅमेरा आंधळा होतो, आणि दुरुस्तीच्या सूचना ज्या वाटेनें पाठवावयाच्या तीच वाट बंद झालेली असते. हा बदल घरीं असतां, दिवसा, आणि हातांत दोन तास मोकळे ठेवूनच करावा. नवें नांव व शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पेटीजवळ ठेवावा; घरांतल्या माणसांपासून तो लपविण्याचें कारण नाहीं.

याच गोष्टीचा उलट उपयोगहि आहे. राउटर जुना होऊन नवा आणला, तर त्यास जुनेंच नांव, जुनाच परवलीचा शब्द आणि तीच संरक्षणपद्धति द्यावी. उपकरणें नांव आणि किल्ली ओळखतात, पेटीचें तोंड नव्हे. त्यामुळें बहुतेक सारीं आपोआप जोडलीं जातात आणि घरच्यांस बदल झाल्याचें कळतहि नाहीं. नांव बदलावें कीं जुनेंच चालू ठेवावें, याचा निर्णय त्या घरांतील उपकरणें आणि तीं वापरणारीं माणसें पाहूनच करावयास हवा. परवलीचा शब्द मात्र कोणत्याहि घरीं लांब आणि बळकट असावा, कारण पाटी कितीहि सुरेख असली तरी रात्रीं घर कडीच राखते.