हौसेला मोल असतं!

पावसाळ्यातली मुंबई. देवगिरीने सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर मीटिंग-बिटिंग उरकायची आणि परतीच्या गाडीआधी फॅशन स्ट्रीटवर टी-शर्टसाठी घासाघीस करायची, हा आपल्या संभाजीनगरच्या यंगस्टर्सचा ठरलेला कार्यक्रम. पगार कितीही वाढो, घासाघीस काही सुटत नाही! मीही तेच करत होते. पाऊस जाम वाढला म्हणून आझाद मैदानाच्या बाजूला वळले आणि तिथेच थबकले. कुंपणापलीकडे तीसेक माणसं चिखलात माखून एकमेकांच्या अंगावर तुटून पडली होती. शिट्टी वाजली. आठ-आठ जणांचे दोन जथ्थे खाली वाकले, खांद्याला खांदा भिडला, ‘थड’ असा आवाज आला आणि त्या ढिगाऱ्यातून एक अंडाकृती चेंडू बाहेर घरंगळला.

‘‘मारामारी चाललीये का?’’ मी शेजारच्या कणीसवाल्याला विचारलं.

‘‘नहीं मॅडम, रग्बी है. रोज का है,’’ तो निखाऱ्यांवरून नजर न उचलता म्हणाला.

ते मैदान बॉम्बे जिमखान्याचं. तीच वास्तू, जिच्यासमोरून आपण शंभर वेळा पिशव्या सांभाळत गेलेलो असतो. रग्बी म्हटलं की आपल्याला फार तर हॉलिवूडचे सिनेमे आठवतात. त्यातही निम्म्यांमध्ये अमेरिकन फुटबॉल असतं, पण ते जाऊ द्या. महाराष्ट्रात हा खेळ कित्येक वर्षं, फारसा गाजावाजा न करता, निव्वळ हौसेवर चाललाय. सोमवारी सकाळी ज्यांना ऑफिस गाठायचंय, अशी माणसं रविवारी खांदा निखळेपर्यंत खेळतात. मला सगळ्यात जास्त कुतूहल त्याचंच वाटलं. ही हौस नेमकी परवडते कुणाला?

साहेबांचा चिखल

बॉम्बे जिमखाना सुरू झाला १८७५ मध्ये. अर्थातच फक्त गोऱ्या साहेबांसाठी. शहरातले पारशी आणि हिंदू तरुण तेव्हा क्रिकेटसाठी वेडे झाले होते, पण त्यांच्या वाट्याला आलेल्या मैदानावर जिमखान्याचे साहेब पोलो खेळायला येत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची पार वाट लागायची. देशी खेळाडूंनी अर्ज केले, विनंत्या केल्या. हे भांडण १८८० च्या दशकात बरंच गाजलं. आज मरीन ड्राइव्हवर ओळीने उभे असलेले पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने त्याच काळाचं देणं. सुदैवाने १९३३ च्या डिसेंबरमध्ये भारतातली पहिली क्रिकेट कसोटी या बॉम्बे जिमखान्यावरच झाली आणि लाला अमरनाथ यांनी ११८ धावा ठोकून भारताचं पहिलं कसोटी शतक इथेच नोंदवलं.

त्याच मैदानावर पावसाळ्यात रग्बी. पावसाळ्यातच का? गणित अगदी साधं आहे. पावसात क्रिकेट बंद, मैदान मोकळं. शिवाय जमीन मऊ. ज्या खेळात दर दोन मिनिटांनी माणूस जमिनीवर आपटतो, तिथे मऊ जमीन ही चैन नव्हे, गरज आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्या शहराकडे येताना लागणार आहे.

ज्यांना नियम अजिबात माहीत नाहीत त्यांच्यासाठी एक झटपट डोस. प्रत्येक बाजूला १५ खेळाडू, ८० मिनिटांचा सामना. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण पास फक्त मागे किंवा बाजूला द्यायचा. पुढे फेकला की संपलं! समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’, त्याचे ५ गुण. अडवायला येणाऱ्याला चुकवणं म्हणजे आपल्या खोखोतली हुलकावणी, टॅकल म्हणजे कबड्डीतली पकड आणि स्क्रममध्ये पाय रोवणं म्हणजे आखाड्यातली ताकद. मराठी माणसाला या खेळात परकं वाटावं असं खरं तर काहीच नाही.

बार बंद, क्लब बंद

हौशी क्लब मरतो कसा, याचा भारी किस्सा कोलकात्यात घडलाय. १८७२ च्या नाताळच्या दिवशी तिथे रग्बीचा सामना झाला, एका बाजूला २० खेळाडू! उत्साहाच्या भरात पुढच्याच महिन्यात कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. सुरुवातीला मेंबरांची झुंबड. कारण? क्लबचा बार फुकट होता! बार बंद झाला आणि मेंबरं पांगली, असं सांगतात. एक लष्करी पलटण शहरातून हलली, उरलेल्यांना त्या उकाड्यात टेनिस आणि पोलो बरे वाटू लागले. क्लब मोडला.

आता खात्यात शिल्लक राहिलेल्या पैशांचं काय करायचं? दुसरं कुणी असतं तर झकास पार्टी केली असती. यांनी बँकेतून २७० चांदीचे रुपये काढले, वितळवले आणि त्याचा एक चषक घडवून घेतला. तीन नागांचे कान, झाकणावर हत्ती. १८७८ मध्ये तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला. त्या ‘कलकत्ता कप’साठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून भिडताहेत. १९८८ मध्ये तर इंग्लंडच्या डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडच्या जॉन जेफ्री या दोन बहाद्दरांनी सामन्यानंतरच्या रात्री एडिंबराच्या रस्त्यावर तो लाथाडत नेला आणि पार चेपवून टाकला! आपल्या रुपयांची ही गत.

किस्सा मजेशीर आहे, पण त्यात एक खोच आहे. क्लब टिकतो तो सामन्यानंतर माणसं एकत्र बसतात म्हणून. रग्बीवाले याला ‘तिसरा हाफ’ म्हणतात. दोन हाफ एकमेकांना तुडवायचं आणि तिसऱ्यात एकाच टेबलावर बसायचं. हा तिसरा हाफ बंद पडला की पहिले दोनही फार दिवस चालत नाहीत.

बुडालेली हजेरी

‘हौशी’ हा शब्द ऐकायला गोड वाटतो. इंग्लंडमध्ये त्यावरून खेळाचे दोन तुकडे झाले. यॉर्कशायर-लँकेशायरचे खाण कामगार आणि गिरणी कामगार शनिवारी सामना खेळायचे, म्हणजे अर्ध्या दिवसाची हजेरी बुडायची. तेवढी भरपाई द्या, ही त्यांच्या क्लबांची मागणी. लंडनच्या सुखवस्तू मंडळींचं उत्तर होतं, पैसे घेतले तर खेळाचं पावित्र्य जाईल! (बापाची इस्टेट असली की पावित्र्य सांभाळणं सोपं जातं.) १८९५ मध्ये उत्तरेचे क्लब वेगळे झाले आणि त्यातूनच ‘रग्बी लीग’ हा निराळा खेळ उभा राहिला. मूळच्या रग्बी युनियनने पैशाला दार उघडायला बरोबर शंभर वर्षं घेतली. ऑगस्ट १९९५!

आपल्याकडे मात्र १९९५ नंतरही खेळाडूच्या खिशात काही पडलं नाही. १९९८ मध्ये भारताचा राष्ट्रीय संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला, सिंगापूरमध्ये. त्या संघात बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर घडलेला एक खेळाडू होता, ज्याला आपण ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ आणि ‘झंकार बीट्स’मुळे ओळखतो. राहुल बोस! शूटिंग सांभाळून हा माणूस भारताची जर्सी घालून टॅकल खात होता. २०२१ पासून तो राष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे रग्बी इंडियाच्या, अध्यक्षपदी आला.

पण सिनेमातल्या माणसाची हौस एक आणि नऊ ते सहा नोकरी करणाऱ्याची वेगळी. म्हणून मला पुण्याची वाहबिझ भरूचा जास्त जवळची वाटते. पेशाने फिजिओथेरपिस्ट, म्हणजे दुसऱ्यांचे गुडघे-खांदे दुरुस्त करणारी, आणि भारतीय महिला संघाची माजी कॅप्टन. भारताच्या मुलींनी २००९ मध्ये ‘सेव्हन्स’ म्हणजे सात जणांच्या रग्बीत पदार्पण केलं. १५ जणींचा संघ तर २०१८ मध्ये पहिल्यांदा उतरला आणि हरला. वर्षभरात, जून २०१९ मध्ये, मनिलात या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. १५ जणींच्या रग्बीतला भारताचा तो पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय. शेवटच्या मिनिटांत निर्णायक पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने.

सुमित्रा भुवनेश्वरच्या ‘किस’ या आदिवासी मुलांच्या निवासी शाळेत वाढलेली. या शाळेच्या मुलांनी २००७ मध्ये लंडनला जाऊन १४ वर्षांखालची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली होती. ‘जंगल क्राय’ हा २०२२ चा सिनेमा त्यावरच आहे. तिकडे कोलकात्यात पॉल वॉल्श या ब्रिटिश माणसाने मैदानाच्या कडेला उभं राहून बघणाऱ्या पोरांनाच खेळायला घेतलं आणि ‘जंगल क्रोज’ क्लब उभा राहिला. म्हणजे बघा, साहेबांनी कुंपण घालून खेळलेला खेळ आज पुढे नेताहेत ती कुंपणाबाहेरची मुलं. त्यांच्या बुटांचा, दुधाचा आणि प्रवासाचा खर्च कुणीतरी उचलला म्हणून. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो ना, ते साफ खोटं आहे. मोल असतंच. प्रश्न एवढाच की बिल कोण भरतंय!

लीग आली रे...

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा फ्रँचायझी, झगमगते दिवे, परदेशी स्टार्स. सामना चार-चार मिनिटांच्या चार क्वार्टर्सचा, म्हणजे कॉफी थंड व्हायच्या आत खेळ खल्लास! चेन्नई बुल्स विजेते ठरले. भारतातल्या खेळाडूला रग्बी खेळून पैसे मिळू शकतात, हे पहिल्यांदाच एवढ्या थाटात दिसलं. सेव्हन्स २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. पहिलंच सुवर्ण पटकावलं चिमुकल्या फिजीने, आणि ते त्या देशाचं कुठल्याही खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. त्यामुळे ‘आपण का नाही?’ हे स्वप्न अगदीच हवेतलं नाही.

मला यात थोडी धाकधूकही वाटते. कबड्डीला २०१४ नंतर प्रो कबड्डीने टीव्हीवर नेलं, ते छानच झालं. पण कबड्डीकडे गल्लोगल्ली मंडळं आधीपासून होती. रग्बीत वरचा मजला बांधून झालाय आणि तळमजल्यावर मोजकेच क्लब. सातच खेळाडूंच्या झटपट रग्बीत पळणारे चमकतात. मग स्क्रममध्ये मान घालणाऱ्या जाडजूड गड्याने जायचं कुठे? रविवारच्या १५ जणांच्या सामन्यात त्याला हक्काची जागा असते. तोच सामना बंद पडला तर?

आणि आपण?

आता आपल्या शहराकडे. गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाच्या आवारात साईचं केंद्र आहे, आमखास मैदान आहे. पोरांच्या अंगात ताकदही आहे. पण मार्चपासून आपली मोकळी मैदानं अशी तापून टणक होतात की त्यावर टॅकल खाणं म्हणजे सिमेंटच्या रस्त्यावर लोळण. पाऊस पडला की तीच काळी माती बुटांना किलो-किलोने चिकटते. बॉम्बे जिमखान्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही, अशी खरी गोष्ट एकच, सांभाळलेलं गवत.

तरी गेल्या पावसाळ्यात आम्ही सहा जणांनी प्रयत्न करून पाहिलाच. वाळूजच्या कंपनीतला एक इंजिनिअर, एक डेंटिस्ट मैत्रीण, दोन बँकवाले, एक कॉलेजकुमार आणि मी. ऑनलाइन चेंडू मागवला. टॅकलची हिंमत नव्हती, म्हणून ‘टच रग्बी’. यात आडवं पाडायचं नाही, फक्त हात लावायचा. सहा वेळा हात लागला की चेंडू समोरच्यांकडे. एका बाजूला सहा खेळाडू लागतात आणि आमच्याकडे दोन्ही बाजू मिळून सहा! पहिल्या रविवारी मी पंधरा मिनिटांत धापा टाकत बसले. तिसऱ्या रविवारी आजूबाजूची क्रिकेटची पोरं येऊन ‘दीदी, हम भी खेले क्या?’ विचारू लागली आणि आम्ही अकरा झालो.

पाचव्या रविवारी मात्र पुन्हा चौघंच. इंजिनिअरची शिफ्ट बदलली होती, सुटी आठवड्याच्या मध्यावर गेली. एक बँकवाला बदली होऊन नांदेडला गेला. क्रिकेटवाल्या पोरांपैकी दोघं रविवारी सकाळी गॅरेजवर कामाला जायला लागली. खाडा केला तर पैसे कापतात. यॉर्कशायरच्या खाण कामगारांची गोष्ट मी तोवर फक्त वाचली होती.

आता त्या दोघांसाठी वेळ बदलून पहाटे साडेपाचची केलीये. गॅरेज नऊला उघडतं. सामना सातला संपला की क्रांती चौकात पोहे आणि कटिंग, तोच आमचा तिसरा हाफ. बिल आळीपाळीने नोकरदारांनी भरायचं, असं ठरलंय. चेंडू माझ्याकडे आहे. त्यात हवा भरायची सुई तेवढी कुठे गेलीये, ती सापडत नाहीये.